शुक्रवारी सुरू होणारा आठवडा

काका, तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. तुम्ही समोर असता तर लगेच भुवई वर गेली असती, कुठल्या वारापासून मोजलेस म्हणून. शुक्रवारपासून मोजले, काका. आता तरी भांडू नका.

ऑफिसात जिन्याजवळ तुमचा फोटो लावलाय. खाली इंग्रजीत सगळं छापलंय. कधी नोकरीला लागलात, कुठल्या कुठल्या जिल्ह्यांची विक्री सांभाळलीत, रिटायर झाल्यावरही कंपनीने सल्लागार म्हणून कसं ठेवून घेतलं. त्यातलं एक अक्षर खोटं नाही, आणि तुम्ही त्यात कुठेच नाही. फोटोत तर तुम्ही टाय घातलाय. तो टाय कुणाचा होता हे विचारायचं राहूनच गेलं. जाता-येता मला तो बघून आधी हसू येतं आणि मग डोळ्यांत पाणी येतं, आणि लोकांना वाटतं, ही बाई जरा हललीय. म्हणून म्हटलं, सरळ तुमच्याशीच बोलून घ्यावं. शिवाय एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण लगेच सांगणार नाही हां. तुम्हाला ठाऊकच आहे, आम्हा कोल्हापूरच्या लोकांना स्वतःची चूक कबूल करायच्या आधी चार गावं फिरून यावं लागतं.

आपली ओळख झाली ती कंसावरून. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून मी चेन्नईत आले, आणि गिंडीतल्या या कंपनीत रिपोर्ट बनवायच्या कामाला लागले. इडलीचं पीठ वाटायचे ग्राइंडर बनवणारी कंपनी. कुठल्या डेपोतून किती नग गेले, ते कॉम्प्युटरवर खांबांसारखं उभं करून दाखवायचं, हे माझं काम. ते आपोआप व्हावं म्हणून एक्स्प्रेशन लिहायचं, म्हणजे कॉम्प्युटरला एका ओळीत दिलेला हुकूम. पहिल्याच महिन्यात माझी एक ओळ काही केल्या चालेना. मी मराठीतून पुटपुटले, मेल्या, चाल की आता, का पाया पडू तुझ्या? तमिळ ऑफिसात मराठीत शिव्या द्यायची ही एक चैन असते, कुणाला कळत नाही. तर मागून आवाज आला, "दोन उघडलेस, एकच मिटलास."

मी दचकून वळले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळाला गंध, हातात कॉफीचा टंबलर, आणि चेहऱ्यावर अगदी निरागस भाव. सगळं ऑफिस तुम्हाला रायर म्हणायचं, मला वाटलेलं तुम्ही कुणीतरी अस्सल तमिळ गृहस्थ. तुम्हाला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कंस मोजता येत होते. मी दुसरा कंस मिटवला आणि ओळ सुरळीत धावली. मग तुम्ही सांगितलंत, की तुमच्या घराण्यातलं कुणीतरी राजाबरोबर तंजावरला आलं आणि परत जायचं विसरलं, त्याला आता साडेतीनशे वर्षं होत आली. त्या दिवसापासून अकराची कॉफी आपली एकत्र.

काय मराठी होतं तुमचं. निम्मे शब्द माझ्या पणजीच्या तोंडचे, निम्मे तमिळ, आणि चाल सगळी तमिळ, वाक्याच्या शेवटी आवाज झोक्यावर बसल्यासारखा वर जायचा. सगळं म्हणायचं तर तुम्ही अस्के म्हणायचात. चांगलं झालं की बेष. आणि मला हाक मारायचात अम्मा, इथल्या रीतीने. साठी उलटलेल्या माणसाने मला आई म्हणावं, याची सवय व्हायला मला वर्ष लागलं. माझ्या लेकीला मात्र तुमचं बोलणं लगेच कळलं. ती आता तुमच्यासारखंच मराठी बोलते. परवा तिची कोल्हापूरची आजी फोनवर मला विचारत होती, ही पोरगी कुठल्या देशाची भाषा बोलतेय ग? मी सांगितलं, हे आपल्याहून जुनं मराठी आहे, नावं ठेवू नकोस. बघा, तुमची बाजू मी घेतली. तुमच्या माघारी घेतली, पण घेतली.

समोर मात्र कधी घेतली नाही. समोर आपलं भांडण. आणि भांडण एकाच गोष्टीवरून, आठवडा.

मला दर शुक्रवारच्या मीटिंगसाठी रिपोर्ट द्यायचा असायचा, अलीकडच्या चार आठवड्यांची विक्री, डेपोवार. माझा पहिला हुकूम अगदी साधा होता. चालू आठवड्याचा नंबर बघ, त्यातून तीन वजा कर, तिथपासून इथपर्यंतची विक्री दाखव. चाळिसावा आठवडा असला तर सदतिसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंत चार खांब. वर्षभर कसं छान चाललं. मग जानेवारी उजाडला. आठवडा नंबर एक. एकातून तीन वजा केले की उरतात उणे दोन, आणि उणे दोन नंबरचा आठवडा ब्रह्मदेवाने सुद्धा बनवलेला नाही. भर मीटिंगमध्ये पडद्यावर चाराच्या जागी एकच खांब, आणि डावीकडे नुसतं पांढरं माळरान.  मी घामाघूम. तुम्ही शांतपणे म्हणालात, "म्हणजे यंदा मार्गळी झालीच नाही म्हणायची."

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा तो तमिळ महिना, दारोदार मोठमोठ्या रांगोळ्या, गल्लोगल्ली गाणी. तेवढा अख्खा मी गिळला होता. सगळी मीटिंग हसली, आणि मी त्याच दिवशी नंबर काढून टाकून तारखेवरून मोजणारा हुकूम लिहिला. पण तुम्ही काय सोडताय. पुढे सहा महिने जो येईल त्याला माझी ओळख करून दिलीत, ही मार्गळी गिळणारी बाई. कॅन्टीनवाल्याला सांगितलंत, हिला डोसा मोठा दे, हिची भूक महिन्याची आहे. मला हसू पण यायचं आणि नाकाला मिरच्या पण झोंबायच्या. त्याच वेळी मी मनाशी ठरवलं, की यापुढे या माणसाला माझी चूक म्हणून कळू द्यायची नाही. पुढचं सगळं रामायण या एका गाठीमुळे झालं, काका. तुमच्या चिडवण्याचाही त्यात थोडा हात आहे, हे मी लिहून ठेवते.

नव्या हुकुमाची मला भारी घमेंड होती. कॉम्प्युटरने आधी सगळ्यांत शेवटच्या बिलाची तारीख शोधायची, ती तारीख ज्या आठवड्यात येते त्याचा सोमवार धरायचा, तिथून मागे तीन सोमवार जायचं आणि आजपर्यंतची सगळी विक्री आणायची. वर्ष बदलो, काही होवो, चार खांब म्हणजे चार खांब. तुम्ही चष्मा पुसून तो रिपोर्ट पाहिलात आणि पहिलाच प्रश्न केलात, सोमवारच का? मी म्हटलं, अख्ख्या जगात आठवडा सोमवारी सुरू होतो. तुम्ही म्हणालात, जग आपला ग्राइंडर घेतं का, अम्मा?

आणि मग तुमचं ते कुंभकोणम पुराण सुरू झालं. कावेरीकाठच्या त्या पट्ट्यात लोक ग्राइंडर शुक्रवारी घेतात, कारण त्यात दगड असतो, आणि घरात दगड येणं म्हणजे लक्ष्मी येणं. दुकानदार आठवडाभर तोंडी ऑर्डर देतात पण माल उचलतात शुक्रवारी. तेव्हा तिकडचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो, आणि तो संपेपर्यंत त्याला रिपोर्टात घेऊ नये. अर्धा शिजलेला भात वाढू नये, हे तुमचं पालुपद. मी म्हणायची, काका, साहेबांना ताजं पाहिजे. अलीकडची विक्री म्हणजे कालपर्यंतची. आणि अंधश्रद्धा हुकुमात घालता येत नाही. त्यावर तुम्ही विचारलंत, मग तुझा रविवार कुणाच्या श्रद्धेने आला?  मी कॉफी थंड होतेय म्हणून उठून गेले होते. उत्तर अजून सुचलेलं नाही.

वर्षभर हे सगळं गमतीत चाललं होतं. मग नवे साहेब म्हणून कार्तिक सर आले. शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून आलेले, हुशार, नम्र, बोलायला गोड. पण त्यांची नजर पडद्यावर थेट उजव्या टोकाला जायची, शेवटच्या खांबावर. कुंभकोणमचा शेवटचा खांब दर शुक्रवारी सकाळी बोटभर. साहजिकच होतं, मीटिंग सकाळी, आणि तिकडची बिलं त्याच दिवशी दुपारी. पुढच्या शुक्रवारी तोच खांब वाढून पुरुषभर उंच झालेला असायचा, पण तोवर तो एक घर डावीकडे सरकलेला. डावीकडे कोण बघतो? उजव्या टोकाला नवीन बोटभर खांब हजर. चार महिने हे बघून सरांनी सांगितलं, कुंभकोणम बुडतंय, डेपो बंद करू, काम त्रिचीला जोडू. कागद तयार करायला लावले.

त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. मीटिंगमध्ये उभे राहिलात. गिंडीत बसून कुंभकोणमच्या शेळ्या हाकू नका म्हणालात, आणि मग माझ्याकडे वळून म्हणालात, हिला विचारा, हिचा आठवडा चुकीचा आहे. सगळ्यांदेखत. माझ्या डोक्यात तीच ती मार्गळी सणकली. मी तुम्हाला उत्तर दिलं, "काका, फॉर्म्युल्याला वार कळत नाही. तुमची माणसं वाचवायला मी आकडे फिरवणार नाही."

तुम्ही बसलात. त्यानंतर दोन दिवस अकराच्या कॉफीला आला नाहीत. तुमची माणसं हा शब्द तुम्हाला लागला हे मला तिथल्या तिथेच कळलं होतं. तुम्ही आयुष्यात आकडा कधी फिरवला नव्हतात. एका डेपोने वर्षाखेरीला तीन नग जास्त दाखवले, म्हणून स्वतः बसने जाऊन ते मोजून आलेले तुम्ही. तुमच्या तोंडावर मी ते बोलले. पण पडलो तरी नाक वर, मी काही तुमच्या टेबलापर्यंत आले नाही.

आता येते मूळ गोष्टीवर. चार गावं फिरून झाली.

पुढच्याच आठवड्यात मी ताप आला म्हणून दोन दिवस रजा घेतली, आठवतं? ताप बिप काही नव्हता. गुरुवारी सकाळी एळुंबूर स्टेशनवरून गाडी पकडली आणि दुपारी कुंभकोणमच्या डेपोत जाऊन उभी राहिले. बिलं करणारी सेल्वी माझ्याकडे बघतच राहिली. माझं तमिळ तुम्हाला माहीत आहे, भाजी आणि रिक्षा यापलीकडे जात नाही. मी म्हटलं, सहज आले, देवळं बघायला. तिने आधी मला केळीच्या पानावर जेवायला घातलं, काही ऐकेना. मग ऑर्डरची वही पुढे ठेवली. सोमवारपासूनच्या ऑर्डरी ओळीने लिहिलेल्या, पान भरून. आणि बिलाचं मशीन आठवडाभर गप्प. मी खुणेने विचारलं, का? तिने भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान दाखवलं. उद्या शुक्रवार.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा गेले. ग्राइंडर ओळीने मांडलेले, प्रत्येक दगडाला हळद-कुंकू. बाहेर टेम्पो लागलेले. साडेदहा ते बारा राहुकाळ, त्यात सगळे निवांत चहा पीत बसले, मला पण पाजला. बारा वाजले, सेल्वीने कापूर लावला, आणि मग ते मशीन जे सुरू झालं ते थांबेना. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून एकेक बिल मोजत होते आणि माझे कान तापत होते. इकडे चेन्नईत सकाळीच मीटिंग संपली होती, आणि पडद्यावर माझा बोटभर खांब दिमाखात उभा राहून गेला होता. तुम्ही जे वर्षभर घसा कोरडा करून सांगत होतात, ते सगळं अक्षरन् अक्षर माझ्या समोर चाललं होतं. हुकूम बरोबर होता, कंस बरोबर होते, आणि रिपोर्ट खोटा होता.

परत आल्या आल्या मी हुकूम बदलला. शेवटची तारीख शोध, पण तिच्या अलीकडे जो पुरा झालेला गुरुवार असेल तिथे थांब. तिथून मागे चार शुक्रवार जा. अर्धा आठवडा पडद्यावर येऊच देऊ नकोस. फारसं काही नव्हतं, दीड ओळ. पुढच्या मीटिंगला कुंभकोणमचे चारही खांब ताठ उभे राहिले. कार्तिक सर चकित झाले, डेपो बंद करायचे कागद त्यांनी सध्या राहू दे म्हणून खणात टाकले, आणि मला विचारलं, काय केलंस? त्या वेळी मी काय सांगावं? मी इंग्रजीत सांगितलं, लॉजिक सुधारलं, नवीन व्हर्जन आहे. सर म्हणाले, वा, ग्रेट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही पण वाजवल्यात.

त्या दिवशी अकरा वाजता तुम्ही कॉफीला आलात. टंबलर हातात घेऊन समोर बसलात, म्हणालात, बेष झालं अम्मा, आणि थांबलात. मला आत्ताही दिसतंय तुमचं ते थांबणं. मी काय बोलले? मी म्हटलं, आज कॉफीत चिकोरी जास्त पडलीय. तुम्ही म्हणालात, हो, पडलीय.

चार महिने, काका. रोज अकरा वाजता तुम्ही समोर, आणि रोज मी दुसरंच काहीतरी. लेकीची शाळा, गॅसवाला, काकूंचा गुडघा, मेट्रोची गर्दी. दोन वाक्यं होती सगळी मिळून. उद्या सांगू, उद्या सांगू. मनात धाकधूक हीच, की तुम्ही पुन्हा सहा महिने चिडवाल. कॅन्टीनवाला पुन्हा मोठा डोसा देईल. एवढ्याशा भीतीपायी मी ते गिळून बसले, आणि मग एका बुधवारी दुपारी तुमच्या घरून फोन आला.

तुमच्या दिवसांना मी मांबलमला तुमच्या घरी आले होते. कुंभकोणमहून सेल्वी आणि डेपोतली दोन माणसं पहाटेची बस पकडून आली होती. सेल्वी माझ्याकडे बघून रडत-रडत हसली. काकूंशी मी त्या दिवशी धड बोलू शकले नाही. बोलायचं तर तेच बोलावं लागलं असतं.

आणि या गेल्या शुक्रवारी काय झालं ते ऐका. दिवाळी तोंडावर आलीय, कार्तिक सरांना घाई. मीटिंगमध्ये ते म्हणाले, आपल्याला चालू आठवडा परत दाखवायचाय, पूर्वी तू दाखवायचीस तसा. एवढी साधी गोष्ट, दोन मिनिटांत कर. आणि हो, ते कुंभकोणमचे कागद अजून माझ्याकडे आहेत, दिवाळीनंतर पुन्हा बघू. मी लॅपटॉपवर हात ठेवला. खरंच दोन मिनिटांचं काम होतं. दीड ओळ पुसली की झालं. मग दिवाळीनंतर पडद्यावर पुन्हा बोटभर खांब, आणि सेल्वीला त्रिचीचा रस्ता. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर चार महिन्यांपूर्वीपासून सांगावं लागणार. तुमची खुर्ची रिकामी होती, काका, तुम्ही उभे राहणार नव्हतात. मग मलाच उभं राहावं लागलं.

मी सांगून टाकलं. तमिळमध्ये सुरुवात केली, मध्ये इंग्रजी घुसलं, एक वाक्य तर मराठीतच गेलं, पण सगळ्यांना कळलं. म्हटलं, पूर्वीचा रिपोर्ट चुकीचा होता आणि ती चूक माझी होती. कुंभकोणम कधीच बुडत नव्हतं, मी त्याला दर शुक्रवारी सकाळी बुडवत होते. हे लॉजिक मी शोधलेलं नाही. रायर वर्षभर ओरडून सांगत होते, मी ऐकलं नाही, मग चोरून जाऊन बघून आले आणि त्यांचं नाव न घेता घातलं. त्या टाळ्या त्यांच्या होत्या.

कोणी हसलं नाही.  कार्तिक सरांनी मला सेल्वीच्या वहीबद्दल, राहुकाळाबद्दल, टेम्पोंबद्दल बारीक-सारीक विचारलं, तुम्ही विचारायचात तसं. उठले, खणातले ते कागद आणले आणि माझ्या हातात दिले, म्हणाले, फाडून टाक. मग रिपोर्टवर आठवड्याला काही नाव असतं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नसतं. ते म्हणाले, आता असू दे. तर काका, सध्या आपल्या रिपोर्टात प्रत्येक खांबाखाली रायर आठवडा असं लिहून येतं. हिशेबनीसाला ते अजिबात आवडलेलं नाही. तुम्हाला आवडलं असतं आणि तुम्ही नाही नाही म्हणत सगळ्यांना दाखवलं असतं.

मीटिंग संपली तशी मी रिक्षा केली आणि थेट मांबलमला तुमच्या घरी आले. काकू मोरमिरच्या, म्हणजे ताकात मुरवलेल्या मिरच्या, वाळत घालत होत्या. मी दारातूनच सांगायला सुरुवात केली, कुंभकोणम, ताप, वही, सगळं, एका दमात. त्या मिरच्या पसरत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "ठाऊक आहे की आम्हाला."

तुम्ही म्हणजे कहर केलात. सेल्वीने त्याच गुरुवारी दुपारी तुम्हाला फोन केला होता म्हणे, कोल्हापूरची बाई आली आहे, काय करू? तुम्ही सांगितलंत, आधी जेवायला घाल, मग वही दाखव, आणि माझं नाव काढू नको. आणि त्यानंतर चार महिने रोज संध्याकाळी तुम्ही घरी आलात की काकू विचारायच्या, सांगितलं का तिने? तुम्ही चप्पल काढता काढता म्हणायचात, अजून नाही, आज चिकोरीवर गेली. दुसऱ्या दिवशी, आज गॅसवाल्यावर गेली. काकू हे सांगताना इतक्या हसल्या, की पदराने डोळे पुसायला लागल्या, आणि मग हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. मी त्यांना म्हटलं, त्यांनी एकदा तरी विचारायचं मला. काकू म्हणाल्या, "मी सांगून पाहिलं. म्हणाले, विचारलं तर ती कबूल करेल. मला तिने आपणहून सांगायला पाहिजे. कोल्हापूरची आहे, वेळ लागतो."

वेळ लागला, काका. फार लागला. तुम्ही वाट बघत होतात हे कळल्यापासून माझ्या जिवाला जे झालंय ते मला लिहिता येणार नाही.

निघताना काकूंनी एक शेवटची गोष्ट सांगितली. तुम्ही उत्तर तयार करून ठेवलं होतंत म्हणे. मी कबूल केल्यावर मला काय म्हणायचं ते. रोज आरशासमोर दाढी करताना आपल्याशीच हसायचात. मी काकूंचा हात धरला, म्हटलं, काय होतं ते? त्या म्हणाल्या, कितीदा विचारलं, मला सुद्धा सांगितलं नाही. म्हणायचे, ते तिचं आहे, तिलाच सांगेन.

चार दिवस झाले, मी ते शोधतेय. तुमच्या आवाजात वेगवेगळी वाक्यं बोलून बघते, एकही तुमचं वाटत नाही. तुमचं बरोबर होतं, काका. चूक माझी होती, आणि आकडे फिरवायचं जे मी तुम्हाला बोलले ते तर त्याहून वाईट होतं. आपणहून सांगतेय, कुणी विचारलेलं नाही. घ्या, केलं एकदाचं कबूल. आता काय ते बोला.